पानी

गेल्या उन्हाळ्यातली दुपार. जेवणं आटोपली होती, पंखा गरम हवाच फिरवत होता आणि मी पलंगावर आडवी पडून मोबाइल चाळत होते. आमच्या शहरातल्या लोकांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे. कुठला रस्ता खोदलाय, कुणाचं मांजर हरवलंय, कुणाला भाड्यानं खोली हवीय, असलं सगळं तिथं येत असतं. त्या दुपारी एका बाईनं फोटो टाकला होता. चार रिकामे हंडे, एक निळा ड्रम, मागे गिलावा न केलेली विटांची भिंत. वर तीन ओळी. ‘आमच्या गल्लीत आट दिवस झाले पानी नाही. टँकर मेन रोडलाच येतो. आमी पन मानसच आहोत ना.’ मी त्या ओळी वाचल्या आणि खाली लिहिलं, ‘आठ, पाणी, आम्ही, पण, माणसंच.’ एवढंच. नमस्कार नाही, विचारपूस नाही. पाच शब्द आणि मध्ये स्वल्पविराम. मोबाइल उशाशी ठेवला आणि मला डुलकी लागली.

संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं आणि सहज बघितलं, तर माझ्या पाच शब्दांवर तीनशेच्या वर हसरे चेहरे उमटले होते. 2016 च्या फेब्रुवारीत फेसबुकनं अंगठ्याच्या जोडीला हे चेहरे दिले, तेव्हापासून एक अक्षरही न लिहिता कुणाला तरी हसून पुढं जाता येतं. पण लिहिणारेही कमी नव्हते. ‘आधी शाळेत जा, मग पानी मागा.’ ‘पन आनी मानस, वा!’ ‘अशांना मोबाइल कोण घेऊन देतं?’ एकानं लिहिलं होतं, ‘आडनाव वाचलं की कळतंच.’ त्यालाही चाळीस-पन्नास जणांनी पसंती दिली होती. मी ती ओळ दोनदा वाचली. पोस्टखाली जितकी वर्दळ, तितकी ती पोस्ट आणखी लोकांपुढं जाते. तिच्या रिकाम्या हंड्यांचा फोटो त्या दिवशी शहरभर फिरला तो या हसण्याच्या जोरावर. अगदी खाली एका मुलानं विचारलं होतं, ‘ताई, कुठली गल्ली? मी नगरसेवकांना फोन करतो.’ त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. एवढ्या गर्दीत ते तिला दिसलंही नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट तिथं नव्हती.

मी वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले. सव्वीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलंय मी. आधी एका छापखान्यात, मग एका दैनिकात. हातात लाल पेन नसलं तरी डोळ्यांत ते असतंच. लग्नपत्रिका आली की वर-वधूच्या नावांआधी माझी नजर वेलांट्यांवर जाते. दुकानाची पाटी, एसटीच्या मागचा मजकूर, देवळातला फलक, सगळीकडे तेच. ही सवय आहे, सुताराला दाराची फट दिसावी तशी. पण सुतार दुसऱ्याच्या घरी जाऊन, घरात कुणी आजारी असताना, दाराची फट दाखवत बसत नाही. मला फट दिसली आणि मी ती चारचौघांत दाखवली. सवय म्हणून एवढं सगळं झटकून टाकता येत नाही, कारण खालच्या त्या सगळ्या माणसांना हसायला जागा मी करून दिली होती. त्यांच्यातल्या किती जणांना स्वतःला नीट लिहिता येत होतं, तेही मी नंतर पाहिलं. ‘आधी शाळेत जा’ म्हणणाऱ्यानं त्याच्या आधीच्याच पोस्टमध्ये ‘आणी’ लिहिलं होतं.

त्या ‘आणी’पाशी मी खूप वेळ थांबले. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा नियम. ‘आणि’ अन् ‘नि’ हे त्याला अपवाद. हा अपवाद न पाळणारे मला आयुष्यभर भेटले. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, दोन-तीन संपादकसुद्धा. ‘दिर्घ’ लिहिणारे तर उदंड. ते छापायला यायचं, मी दुरुस्त करायचे, कुणाला कळायचंही नाही. वेलांटी चुकली म्हणून आजवर मी कुणाला कुणाच्या आईबापापर्यंत जाताना पाहिलेलं नाही. बोलताना ‘आणि’ आणि ‘आणी’ यांत फरकच ऐकू येत नाही, त्यामुळे ही चूक कुणाच्याही हातून होते आणि ती कुणाचं घर सांगत नाही. ‘पानी’ घर सांगतं. गल्ली सांगतं, जिल्हा सांगतं, आणि ज्याला ऐकायचंच आहे त्याला जातही सांगतं. दोन्ही चुका कागदावर सारख्याच. प्रुफात त्यांना सारखंच लाल वर्तुळ पडतं. हसू मात्र एकीलाच येतं, आणि ते हसणारे त्याला मराठीचं प्रेम म्हणतात. मीही म्हणत होतेच की.

दैनिकातल्या डेस्कवर मी याहून वेगळं काय पाहिलं होतं? मंत्र्यांचं भाषण यायचं. वाक्य सुरू व्हायचं एकीकडे, संपायचं भलतीकडे. आम्ही ते सरळ करून द्यायचो, कर्ता-क्रियापद जुळवून. दुसऱ्या दिवशीच्या अंकात मंत्री अस्खलित बोललेले असायचे. पण गारपिटीत द्राक्षबाग झोपलेला शेतकरी बोलला की त्याचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं ठेवायचं. ‘समदं गेलं वो.’ रंग येतो बातमीला, असं म्हणायचे. एकदा तर बातमीदारानं ‘सगळं गेलं’ असं लिहून पाठवलं होतं. तो शेतकरी तसंच बोलला असणार, शिकलेला होता. डेस्कवर कुणीतरी त्याचं ‘समदं’ केलं, आणि मी, जिनं ‘समदं’ बघताच खूण करायला हवी होती, ते तसंच सोडलं. अवतरणात आहे ना, मग चालतं. नियमही तसाच आहे, पात्राच्या तोंडचा शब्द उच्चाराप्रमाणे लिहावा. तो शेतकरी आमच्यासाठी पात्र झाला होता.

टीव्हीवर तर हे रोज दिसतं. मालिकेतल्या नायिकेचं घर पुण्या-मुंबईचं, तिची सासू, नणंद, कारस्थान करणारी जाऊसुद्धा प्रमाण मराठीत बोलतात. कामाला येणाऱ्या मावशी मात्र ‘म्या काय बी केलं न्हाय बाईसाहेब’ म्हणतात. ही बोली कुठल्या तालुक्यातली, हे मी खूपदा शोधायचा प्रयत्न केला. थोडं सातारचं, थोडं मराठवाड्याचं, वर कुठलं तरी हेल काढणं. ती कुठलीच नाही. बाई गरीब आहे, भोळी आहे, हसण्याजोगी आहे, एवढं दाखवण्यापुरती ती जुळवलेली. विनोदी कार्यक्रमात एखादा नट वऱ्हाडी किंवा आगरीत नुसतं ‘जेवलास का’ विचारतो आणि टाळ्या पडतात. काय बोलला याला कुणी हसत नाही. तसं बोलला, याला हसतात. बातम्यांत स्टुडिओतल्या तज्ज्ञाच्या छातीखाली त्याचं नाव असतं, पद असतं. पुरात घर गेलेल्या माणसाच्या खाली पट्टी येते, ‘ग्रामस्थ’. नाव विचारायला किती वेळ लागतो? ‘तुमचं नाव काय?’ तीन शब्द.

मी छापखान्यात नवी होते तेव्हा हे सगळं दिसायचं नाही. मला तिथं टिकायचं होतं.

माझं आजोळ धुळे जिल्ह्यातलं. आजी अहिराणीशिवाय दुसरं काही बोलायची नाही. सुट्टीत एसटीतून उतरून अंगणात पाऊल टाकलं की ओट्यावरून तिचा आवाज यायचा, आणि दुपारी मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसले की हमखास विचारायची, ‘काय करी ऱ्हायनी?’ तिच्या हाताला कांद्याचा आणि राखेचा वास असायचा. माठातलं तिचं पानी मला अजून घशाला आठवतं, तांब्याच्या काठाचा किंचित कडवटपणा आणि मग आतपर्यंत उतरत जाणारा गारवा. घरी आम्ही तिच्यासारखंच बोलायचो. डोळ्याला डोया, मळ्याला मया, काळ्याला काया. आमच्याकडे ळ असाच विरघळतो. शाळेच्या पुस्तकात डोळा लिहिलेलं असायचं आणि गुरुजीही वर्गात वाचताना डोळा म्हणायचे, मधल्या सुट्टीत मात्र डोया. दोन्ही खरं होतं. शर्ट बदलावा तसं बदलायचं, त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

बारावीनंतर पुण्यातल्या एका कॉलेजात गेले. पहिल्याच महिन्यात, होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना वाऱ्यानं काहीतरी उडालं आणि मी ओरडले, ‘डोयात गेलं माझ्या!’ शेजारी उभ्या असलेल्या दोघीतिघी आधी गप्प झाल्या. मग एक म्हणाली, ‘कशात?’ मला वाटलं हिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले, ‘डोयात.’ आणि त्या हसायला लागल्या. वाकून, एकमेकींच्या खांद्याला धरून. माझ्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, ओला टॉवेल मी तसाच तोंडावर दाबून धरला होता, आणि त्या टॉवेलचा साबणाचा वास आणि ते हसणं एकमेकांत मिसळून गेलं. पुढं वर्षभर माझं नाव ‘डोया’ होतं. प्रेमानं म्हणायच्या, यात मला शंका नाही. त्यांच्यातली एक आजही माझी जिवलग मैत्रीण आहे. पण त्या रात्री मी पांघरुणात तोंड घालून ळ म्हणण्याचा सराव केला होता. जीभ मागे वळवायची, टाळ्याला लावायची, सोडायची. डोळा, मळा, काळा, फळा. आधी ळ आला, मग बाकीचं सगळं सुधारलं. माझं आडनाव लग्नानंतर बदललं, भाषा त्याच्या खूप आधी बदलली होती. मुद्रितशोधक मी उगीच झाले नाही. जिथं मला पकडलं होतं, त्या दारावर मीच पहाऱ्याला बसले.

नंतर दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीनं ओट्यावरून तेच विचारलं, आणि मी ‘वाचतेय’ म्हणाले. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग आईला म्हणाली, पोर साहेबीण झाली. ती खूश होती. ती खरंच खूश होती, हेच मला आज सगळ्यात जड जातं.

एवढं होऊनही नियम नकोत, असं मला वाटत नाही. आयुष्य त्यांच्यावर काढलंय आणि त्यांची गोडी मला ठाऊक आहे. पाठ्यपुस्तक सगळ्या जिल्ह्यांतल्या पोरांना एकसारखं वाचता यावं, सातबाऱ्यावर, औषधाच्या बाटलीवर, कोर्टाच्या निकालात एका शब्दाचा एकच अर्थ लागावा, यासाठी ते लागतात. फक्त ते कुठून आले हे मला विसरायला झालं होतं. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 साली शासनानं मान्य केले, 1972 मध्ये आणखी 4 आले. त्याआधी ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असं टिंब देऊन लिहिणं बरोबर होतं. माझ्या वडिलांचे मास्तर टिंब सुटलं की हातावर छडी मारायचे. मग एका निर्णयानं ती टिंबं गेली आणि मास्तरांचं अख्खं हस्ताक्षर एका दिवसात अशुद्ध झालं. त्यांना त्यावरून कुणी हसलं नाही. ‘जुन्या वळणाचं लिहितात’ म्हणाले, आदरानं.

आणि त्या ण चं काय? 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा याच ग्रुपवर फुलं, तुताऱ्या, फेटे यांचा पाऊस पडला होता. मीही फॉरवर्ड केलं. भाषा किती जुनी हे सांगताना सगळे सातवाहनकाळच्या महाराष्ट्री प्राकृतापर्यंत गेले. त्या प्राकृताचं व्याकरण सांगताना वररुचीनं सूत्र दिलंय, ‘नो णः सर्वत्र’. न चा ण, सगळीकडे. नयनाचं तिथं णअण होतं, नगराचं णअर. ज्या भाषेचा आपण टिळा लावला तिच्यात न जवळपास नाहीच. पुढं शतकांच्या वाटचालीत कुठं ण राहिला, कुठं त्याचा न झाला, कुठं ळ चा य झाला, आगरी-कोळ्यांकडे ळ चा ल झाला. नदीला फाटे फुटावेत तसं. त्यातला एक फाटा शाळेच्या पुस्तकात गेला. ज्यांच्या घरी तो आधीपासून वाहत होता त्यांना काहीच शिकावं लागलं नाही, आणि बाकीच्यांना आपलं घर दाराबाहेर ठेवून आत यावं लागलं.

हे हसणंही नवं नाही. 1874 साली सुरू झालेल्या निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांचा समाचार घेतला, तेव्हा त्यांच्या म्हणण्याइतकीच त्यांच्या भाषेची, व्याकरणाची टर उडवली. जोतीराव सांगत होते, शेतकऱ्याला आणि अतिशूद्राला शिक्षणापासून कसं दूर ठेवलं ते. समोरून बोट ठेवलं जात होतं ते विभक्तीवर. 1885 मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा जोतीरावांनी जायला नकार दिला आणि पत्र लिहून त्याचं कारणही सांगितलं. कॉलेजात हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. चांगले मार्क पडले होते. त्या दुपारी पलंगावर आडवी पडून मी पाच शब्द लिहिले तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही.

आणि बहिणाबाई? त्यांची भाषा तर माझ्या आजोळाच्या शेजारची, तोच विरघळलेला ळ. त्या बाईंना अक्षर लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात जे ओठांवर आलं ते घरातल्यांनी वहीत टिपून ठेवलं, आणि 1951 मध्ये त्या गेल्यावर पुढच्या वर्षी ते छापून आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मला राहूनराहून ती वही दिसते. ती टिपणाऱ्याच्या जागी माझ्यासारखं कुणी असतं तर? कानावर ‘डोये’ पडताच ‘डोळे’ लिहिलं असतं, आणि पुढं वर्तुळ काढून समासात खूणही केली असती.

कोण बसतं त्या खुर्चीत, हाही प्रश्न आहेच. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी 2019 मध्ये देशातल्या हिंदी-इंग्रजी माध्यमांची पाहणी केली होती. संपादक, ब्युरो चीफ अशा 121 वरच्या जागांपैकी 106 जागांवर सवर्ण होते. अनुसूचित जातीजमातींतला एकही माणूस त्या 121 मध्ये नव्हता. ही पाहणी मराठीची नव्हे. पण वाचल्यावर मी डोळे मिटून आमचं डेस्क आठवलं. कोपऱ्यातला कूलर, चहाचे कप, प्रुफांचे गठ्ठे, आणि एकेका खुर्चीवरचं आडनाव. बातमी निवडणारे, मथळा देणारे, कुठली बातमी पहिल्या पानावर आणि कुठली आतल्या पानावर चार ओळींत हे ठरवणारे. मग अंक घेऊन येणारे, गठ्ठे बांधणारे, रात्री झाडू मारणारे, त्यांची आडनावं. ही दुसरी यादी मला नीट आठवेना. त्यातल्या दोघांना आम्ही वर्षानुवर्षं नुसत्या नावानंच हाक मारत होतो. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मूकनायक’. त्याची जाहिरात, पैसे देऊन, छापायलाही तेव्हाच्या ‘केसरी’नं नकार दिला होता. आता जाहिरात नाकारावी लागत नाही. कुणीही लिहू शकतं, मोबाइल हातात आहे. लिहू द्यायचं आणि मग असं हसायचं, की पुन्हा लिहिणार नाही.

ती खरंच लिहिनाशी झाली. महिन्याभरानं मी तिचं पान उघडून पाहिलं. त्या उन्हाळ्याच्या आधी ती बरंच काही लिहायची. मुलीचा दहावीचा निकाल, ‘आमची पोरगी फस क्लास मधी आली’. शेजारच्या म्हातारीच्या औषधाला कुणी मदत करा म्हणून. रेशनवर या महिन्यात काय मिळालं ते. आणि त्यानंतर नुसते फोटो. शुभ सकाळचा गुलाब, विठोबा, तिच्या मुलीचा वाढदिवसाचा केक. खाली एक शब्द नाही. दोन हात जोडलेले, किंवा एक दिवा. मी बोटानं वर सरकवत गेले, पुन्हा खाली आले. ज्या तारखेला मी लिहिलं होतं, तिथं शब्द थांबले होते. बाईनं पोस्ट काढली इतकंच मला माहीत होतं. तिनं लिहिणंच काढून टाकलंय, हे तेव्हा कळलं.

मी मेसेज लिहायला घेतला. किती वेळा पुसला ते सांगता येणार नाही. ‘माझ्या कॉमेंटमुळे आपल्याला त्रास झाला असल्यास’ असं एकदा लिहिलं, आणि ती सरकारी खुलाशाची भाषा बघून मलाच किळस आली. असल्यास काय? झालाच होता. शेवटी लिहिलं, ‘ताई, मी तुमच्या पोस्टखाली शब्द दुरुस्त केले होते. तसं करायला नको होतं. तुम्ही पाण्याबद्दल लिहिलं होतं आणि मी त्याबद्दल काहीच विचारलं नाही. मला माफ करा. पाणी आलं का?’ लहानपणी माझी पण बोली हीच होती, असंही एक वाक्य लिहिलं होतं. ते पुसलं. तिच्याकडून काहीतरी मागून घेतल्यासारखं वाटलं, जणू मी तुमच्यातलीच म्हटलं की माझं ओझं उतरणार होतं.

दोन दिवस काही नाही. मेसेज वाचल्याची खूण मात्र दिसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते तेव्हा मोबाइल वाजला. लिहिलेलं नव्हतं, आवाज होता. दोन मिनिटं अकरा सेकंदांचा. हात पुसले नाहीत, ओल्या बोटानंच दाबलं. ‘ताई, मला बरोबर लिवता येत नाही, म्हनून बोलते,’ असं ती म्हणाली. आवाज माझ्या कल्पनेपेक्षा तरुण होता, आणि घाईतला. मागे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी पोर रडत होतं. राग आहे की नाही हे त्या आवाजावरून मला ओळखता येईना. पानी आता येतं, पन रात्री अडीचला, असं तिनं सांगितलं. कधी पाऊन तास, कधी वीस मिनिटं. एक जन जागं राहतं. आधी ती जागायची, आता पोरगी जागते, अभ्यास करत बसते आनि पाइपात हवा सुसू करायला लागली की आईला उठवते. वरच्या घरवाल्यांनी मोटर लावली की खाली धार बारीक होते, त्यावरून भांडनं होतात. टँकर अजून मेन रोडलाच थांबतो. त्या मुलानं विचारलं होतं ना कुठली गल्ली, ते तिनं पाहिलं होतं. पन मग उत्तर द्यायची लाज वाटली, असं ती म्हणाली, आणि क्षणभर नुसतं पोराचं रडणं ऐकू आलं. मग तिनं गल्लीचं नाव सांगितलं, पाण्याच्या टाकीच्या मागची, दुसरी. कुनाला सांगता आलं तर सांगा. आणि शेवटी, आवाज तुटण्याच्या जरा आधी, विचारलं, ‘तुमच्याकडं येतं ना ताई, पानी?’

बेसिनचा नळ चालूच होता. नीट ऐकू यावं म्हणून मी तो बंद केला, गल्लीचं नाव लिहून घ्यायला पेन घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.